गाठ न मारलेली पोथी

आमच्या घरी एक पोथी आहे. ती आजवर कोणाला वाचता आलेली नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही आणि लाज म्हणूनही सांगत नाही. आहे ते असं आहे. हाती केलेल्या जाड कागदाची लांबट, सुटी पानं, दोन्ही अंगांनी काळ्या शाईनं लिहिलेली. अक्षर बालबोध नाही, मोडी नाही, कानडी-तेलंगी नाही, आणि कचेरीत चालतं ते उर्दू तर नाहीच. तुरीच्या शेंगा आडव्या मांडाव्यात आणि मधूनच एखादी उभी करावी, तशी ओळ दिसते. मानभाव पंथात गुप्त लिप्या असतात असं ऐकून वडिलांनी एकदा एका मठातल्या महंतांना ही पोथी दाखवली होती. महंतांनी चार पानं पाहिली आणि परत दिली. "आमच्या लिप्या आम्हाला वाचता येतात," ते म्हणाले, "ही आमची नव्हे."

आजोबांच्या वेळी एक गोसावी अख्खा पावसाळा आमच्या ओसरीवर राहिला होता. जाताना त्यानं पोथी दिली आणि सांगितलं, वाचता येत नसेल तर नुसती पानं उलटा, पण पहिल्यापासून शेवटापर्यंत, क्रमानं. तेव्हापासून दर मार्गशीर्षात आमच्याकडे पारायण होई. पारायण म्हणजे काय, तर पान समोर धरायचं, प्रत्येक ओळीवरून बोट फिरवायचं आणि पान उलटायचं. तेवढे दिवस पारायण करणाऱ्यानं दिवसातून एकदाच जेवायचं, जमिनीवर निजायचं, पायात वहाण घालायची नाही. शेवटचं पान उलटलं की समाप्ती. पुरण शिजायचं आणि नेम सुटायचा.

याखेरीज घरचे म्हणून काही रिवाज होते. पान ओलांडून पुढे जायचं नाही. पोथीची पानं मोजायची नाहीत. जेवणाऱ्याच्या ताटातल्या भाकरी मोजू नयेत तसंच हेही. आणि पारायण चालू असेपर्यंत पोथीच्या रुमालाला गाठ मारायची नाही. रुमाल नुसता दुमडून ठेवायचा. गाठ मारली म्हणजे समाप्ती झाली.

या गाठीच्या रिवाजानं आमचा घात केला.

एका मार्गशीर्षात पारायण निम्म्यावर आलं असताना गावात प्लेग शिरला. आधी उंदीर पडले, मग माणसं. सारं गाव नदीपलीकडच्या माळावर झोपड्या घालून राहायला निघालं. आमचीही बैलगाडी निघाली. वडील पुढे बसले होते आणि पोथी त्यांच्या मांडीवर, दुमडलेल्या रुमालात. मी गाडीमागून चालत होतो. नदीच्या उतारावर आलो तेव्हा थोरले भाऊ, ज्यांना मी दादा म्हणतो, कासरा आवरत म्हणाले, "बाबा, आता तरी गाठ मारा. गाडी हिसके खाईल."

"समाप्ती झाली का?" वडील म्हणाले.

"न्हाई."

"मग गाठ कसली मारतोस?"

पाणी गुडघाभरच होतं. पण एक चाक दगडावरून घसरलं, गाडी कलली आणि वडील वाचले ते धुरेला हात घालून. हात धुरेला गेला, पोथी पाण्यात गेली. रुमाल उघडला आणि पानं धारेवर पसरली. दादा आणि मी पाण्यात धावलो. सापडली ती पानं माळावरच्या तरवडाच्या झुडपांवर वाळत घातली. शाई पक्की होती, थोडीच फुटली. संध्याकाळी वाळलेली पानं जशी हाती आली तशी चळत करून पोथीच्या वरखालच्या लाकडी फळ्यांत ठेवली. क्रम गेलेला होता, आणि पानांवर आकडे नव्हतेच.

त्याच आठवड्यात वडिलांच्या काखेत गाठ आली. झोपडीत शेवटी शुद्धीवर होते तेव्हा त्यांनी दादांना सांगितलं, "माझं राहिलंय. तू पुरं कर. शेवटच्या पानापर्यंत."

दादांनी होकार दिला आणि त्याच दिवसापासून नेम धरला. एकदा जेवण, जमिनीवर निजणं, अनवाणी पाय. बारा-पंधरा दिवसांचा नेम तो. पण पारायण सुरू करायला पहिलं पान कोणतं ते ठाऊक हवं आणि सोडायला शेवटचं. दादांना दोन्ही ठाऊक नव्हतं. क्रम लागेपर्यंत पारायण नाही, आणि पारायण संपेपर्यंत नेम सुटणं नाही. प्लेग ओसरला, गाव परत आलं, नेम चालूच राहिला. मी त्यावेळी म्हणालो होतो की हा हट्ट आहे. दादा म्हणाले, "हट्ट न्हाई. मी हो म्हणलोय."

मी दिंद्रुडला एका आडतीवर हिशेब लिहितो. दर अमावास्येला आडत बंद असते, तेव्हा गावी जातो. आठ वर्षं मी दर अमावास्येला दादांना पाहत गेलो, आणि म्हणून घरच्यांना रोज दिसत नव्हतं ते मला दिसलं. एका महिन्याच्या अंतरानं माणूस पाहिला की फरक कळतो. गळ्याशी अंगरखा सैल झाला. मग गाल बसले. तिफणीमागे दिवसभर चालणारा माणूस एका पेरणीला तासातच खाली बसला आणि उठवेना.

त्या पेरणीनंतरच्या अमावास्येला वहिनींनी मला गोठ्याशी गाठलं. "भावजी, तुमी लोकांचं धान जोखता. पोत्यात किती आलं न् किती गेलं, खडान् खडा सांगता. मग माझं एवढं काम करा."

"काय?"

"त्या पोथीचं शेवटचं पान कोणतं, ते सांगा. वाचू नका, अर्थ सांगू नका. नुसतं शेवटचं पान. त्यांनी सांजंचं जेवावं, एवढंच मागणं हाय माझं."

मी म्हटलं, "वहिनी, ज्या लिपीतलं एक अक्षर येत नाही तिथे..."

"हिशेबाला अक्षर कावून लागतंय? वाळू मोजणाऱ्यास वाळू वाचता येती का?"

काम मी अंगावर घेतलं.

सुरुवात मोजण्यानं केली. दादा जवळच बसले होते. "अरे, मोजतूस कावून? मोजू नये."

"आधीच कोणी मोजली असती तर आज बसावं लागलं नसतं," मी म्हणालो. दादांनी तोंड फिरवलं, पण अडवलं नाही. पानं एकशे सत्तेचाळीस भरली. यावरून काहीच कळलं नाही, कारण पूर्वी किती होती ते कोणालाच माहीत नव्हतं.

प्रत्येक पानाच्या डाव्या समासात एक चिन्ह आहे. ते पानाचे आकडे असतील असं मला वाटलं. आकडे असतील तर शेकड्याच्या आत मोजकीच चिन्हं परत परत यायला हवीत, दहाच्या टप्प्यानं बदलायला हवीत. मी सारी चिन्हं कागदावर उतरवली. एकही चिन्ह दुसऱ्यासारखं नव्हतं, आणि दोन चिन्हं जोडून तिसरं झालंय असंही कुठे दिसेना. ती आकडे नव्हती. कशाची होती ते आजही मला ठाऊक नाही.

मग रचना पाहिली. काही पानांवर मधेच लाल शाईचं एक मोठं चिन्ह आहे आणि त्यानंतर ओळ नव्यानं सुरू होते. तो अध्यायाचा शेवट असावा. अध्याय लहानमोठे आहेत हे लालावरून कळलं. लाल चिन्हाखाली ओळ मोकळी सोडलेली असते, हेही कळलं. पण कोणत्या अध्यायामागे कोणता, ते कळेना. दोन अमावास्या यात गेल्या. वहिनी दर वेळी ताट वाढताना विचारत, "कुठवर आलं?" आणि मी म्हणे, "अजून ओसरीवरच आहे."

मधे मालकाच्या कामानं बीडला जाणं झालं. तिथे जुन्या बाजारात एक म्हातारा जिल्दसाज बसतो, कुराणशरीफपासून कचेरीच्या दफ्तरांपर्यंत सारं बांधतो. पोथी दादा घराबाहेर नेऊ देत नव्हते, म्हणून मी एका पानाची नक्कल नेली आणि अडचण सांगितली. त्यानं नक्कल उलटीसुलटी करून पाहिली.

"मुनीमजी, घेऊन या पूरी पोथी. मी शिवून देतो. एकदा टाका पडला का मंग कोणाच्या बापाला पान हलवता येत नाही."

"पण क्रम?"

"जो क्रम मैं सिऊँगा, वही क्रम."

"शिवलं म्हणून खरं होतं का?"

"अजी, पढ़ता कौन है?" तो हसला, आणि शेजारचा अत्तरवालाही हसला. "ज्यास्नी शक हाय त्यानं वाचून दाखवावं का गलत हाय म्हणून. सारं बीड मेरे सामने हार जाएगा."

मी पण हसलो. वाटेत मात्र विचार करत आलो की हा म्हणतो त्यात चूक काय. चूक एवढीच होती की दादांना ते चाललं नसतं.

पुढच्या अमावास्येला पोथी परसात उन्हात घेऊन बसलो, आणि तेव्हा किडीची छिद्रं दिसली. ती आधीही दिसत होतीच, पण मी अक्षर पाहत होतो, भोक पाहत नव्हतो. कीड एका पानातून दुसऱ्यात सरळ पोखरत जाते. म्हणजे ज्या दोन पानांचं भोक त्याच जागी, त्याच आकाराचं आहे, ती दोन पानं एकमेकांवर पडलेली होती. प्रत्येक पानाच्या भोकाची जागा मी कडेपासून काडीनं मापली आणि पानं लावत गेलो. भोक हळूहळू तिरकं सरकत जाई. एक भोक संपायच्या आत दुसरं सुरू होई, म्हणून साखळी तुटत नव्हती.

एक शंका होती. हा क्रम कोणाचा? पोथी आमच्याकडे येण्याआधीचा असला तर दादांना उपयोग नाही. त्याचं उत्तर एका फाटलेल्या पानानं दिलं. वडिलांनी त्याला खळीनं ठिगळ लावलेलं मला आठवतं, आणि भोक त्या ठिगळातूनही गेलं होतं. म्हणजे कीड ठिगळानंतरची, आणि नदीनंतरच्या चळतीत भोकं एकमेकांवर येत नव्हती म्हणून नदीआधीची, म्हणजे क्रम वडिलांच्या हातचा. लाल चिन्हंही आता जागेवर येऊ लागली. चिन्हानंतर मोकळी जागा, मग नवी ओळ, आणि पुढच्या पानावर ती तशीच चालू. वडील उलटत होते तीच पोथी माझ्यासमोर लागत होती.

मी आलो की दादा रोजचं काम टाकून शेजारी येऊन बसू लागले. ते पान द्यायचे, मी मापायचो. आमची भाषा दोनच शब्दांची झाली होती, "बसलं" आणि "न्हाई बसलं". लहानपणी पत्ते खेळायचो तसं. एकदा वहिनी ताक घेऊन आल्या. दोघं भाऊ पानं हातात धरून एकमेकांवर खेकसत होतो, ते पाहून त्यांना हसू आवरेना. त्या घरात असं हसणं मी फार दिवसांनी ऐकलं.

साखळी पुरी झाली. पण साखळीला दोन टोकं असतात. कोणतं टोक वर आणि कोणतं खाली, ते भोकावरून सांगता येईना.

पोथीला वरखाली दोन सागवानी फळ्या आहेत. पूजेचं हळदकुंकू वरच्या फळीला लागायचं. तिच्यावर त्याचा थर आहे, म्हणून वरची कोणती यात वाद नाही. दोन्ही फळ्यांची आतली बाजू मी ओल्या फडक्यानं पुसू लागलो आणि मधेच थांबलो. वर्षानुवर्षांच्या दमटपणानं पानावरची शाई लाकडावर उमटली होती. फिकट, उलटी, पण ओळीओळीनं. वहिनींच्या फणेरपेटीतला आरसा मागवला आणि वरची फळी त्यात पाहिली. साखळीच्या एका टोकाचं पान शेजारी धरलं. चिन्हाला चिन्ह जुळलं. लाल ठिपक्याला लाल ठिपका.

"पहिलं सापडलं," मी दादांना म्हणालो. त्यांनी आरशात डोकावलं, पानाकडे पाहिलं, पुन्हा आरशात पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "बाबांचं पहिलं पान हेच. कडेला दिव्याचं तेल सांडलेलं हाय बघ. मला आठवतंय." मग ते वहिनींना सांगायला आत गेले.

ते आत असताना मी खालची फळी आरशापुढे धरली आणि दुसऱ्या टोकाचं पान शेजारी ठेवलं.

जुळेना. पान उलटं करून पाहिलं, मागची बाजू पाहिली. मग साखळी मोडण्याची पर्वा न करता एकेक करून सगळी पानं त्या फळीशी धरली. फळीवर शेवटच्या ओळीच्या मधोमध लाल चिन्ह उमटलं होतं आणि त्याखाली मोकळी जागा होती. अशा जागी लाल असलेलं पान आमच्याकडे नव्हतं. आणि साखळीच्या टोकाचं जे पान होतं, त्यावर लाल नव्हतंच. मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत भरलेला होता आणि पुढे चालू असावा तसा तुटलेला.

वरच्या फळीनं रीत खरी ठरवली होती. त्याच रीतीनं खालच्या फळीनं सांगितलं की शेवटचं पान नदीत गेलं. एकच गेलं की दहा, ते सांगता येत नाही.

वहिनी बाहेर आल्या त्या साखर घेऊन. माझ्या चेहऱ्याकडे पाहून तशाच थांबल्या. मी त्यांना हळू आवाजात सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "त्यांना सांगू नका. टोकाचं पान हाय ना? तेच शेवटचं म्हणा."

"दादा विचारतील, खात्री आहे का."

"मंग म्हणा, हाय. भावजी, वाचता कोणालाच येत न्हाई. देवाला येत असंल तर तो बघून घेईल. मी त्याला उत्तर देते."

मला वाटतं, मी कदाचित म्हणालोही असतो. पण तोवर दादा परसात आले होते आणि त्यांनी वरच्या फळीची जुळणी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. त्यांनी न विचारता खालची फळी उचलली, आरसा धरला, आणि टोकाचं पान शेजारी ठेवलं. "न्हाई बसलं," ते म्हणाले.

"न्हाई," मी म्हणालो.

"बाकीची बघितलीस?"

"सगळी."

दादांनी आरसा पालथा घातला. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "बरोबर आला तुमचा हिशेब," आणि साखरेची वाटी परत आत नेली.

पुढे मार्गशीर्ष लागला. क्रम लागला आहे तेवढं तरी करतो म्हणून दादांनी पारायण धरलं. मी लावलेल्या क्रमानं, पहिल्या पानापासून. पारायण संपायच्या दिवशी मी मालकाची रजा काढून गेलो. वहिनींना सगळं ठाऊक होतं, तरी त्यांनी डाळ शिजवून पुरण वाटायला घेतलं होतं.

दादा शेवटच्या पानावर आले. वरच्या ओळीपासून बोट फिरवत खाली आले, तुटलेल्या ओळीच्या टोकाशी पोचले आणि तिथेच थांबले. आम्ही वाट पाहत होतो. मुलं दारात उभी होती.

"उलटा की," वहिनी म्हणाल्या.

दादांनी मला विचारलं, "हे उलटलं तर खाली काय येईल?"

"फळी."

"मग कसं उलटू? खाली पुढचं पान असतं म्हणून उलटतात."

"दादा," मी म्हणालो, "तुम्ही बाबांना जे हो म्हणालात ते जेवढं हाती आहे तेवढ्याचंच. नदीत गेलं त्याला तुम्ही काय करणार?"

"बाबा नदीतून निघाल्यावरच बोलले होते," दादा म्हणाले. "पानं वाहून गेलेली त्यांनी बघितली होती. तरी म्हणाले, शेवटच्या पानापर्यंत." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. "त्यांना कळत न्हवतं असं तू म्हणशील. मला तसं म्हणता येत न्हाई."

वहिनींनी विचारलं, "पुरणाचं काय करू?"

"पोरांना वाढ."

मुलांनी पोळ्या खाल्ल्या. मीही खाल्ली, ताटात पडलेलं टाकून उठणं मला जमलं नाही. दादांनी पोथीवर रुमाल दुमडून घातला. गाठ मारली नाही.

तेव्हापासून ते पान तसंच उघडं आहे. रोज संध्याकाळी, घरात चूल पेटल्यावर, दादा त्यापुढे बसतात, शेवटच्या ओळीवर बोट ठेवतात आणि थोड्या वेळानं उचलतात. मी दोनदा नदीकाठानं खालपर्यंत चालत गेलो. इतक्या वर्षांनी पाण्यातला कागद सापडत नसतो, हे मला चालायच्या आधीही माहीत होतं. गेल्या अमावास्येला दादांना उठवायला हात दिला, तर त्यांचा दंड माझ्या मुठीत मावला.

वहिनी आता मला काही विचारत नाहीत. मी आलो की ताट मांडतात. संध्याकाळी मी आणि मुलं जेवायला बसतो, वहिनी वाढतात, आणि दादा आतल्या खोलीत असतात.